फडक्यात काय उरते, पातेल्यात काय गळते: घरचा चक्का आणि त्याचे पोषणमूल्य

सोलापुरातील बहुतेक घरांत चक्का वर्षातून एकदा, गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री टांगला जातो, आणि सकाळी त्यात साखर, वेलची, जायफळ पडले की त्याचे श्रीखंड होते. अलीकडे हेच टांगलेले दही ‘ग्रीक योगर्ट’ या नावाने छोट्या डब्यांतून दुकानांत दिसू लागले आहे आणि व्यायामशाळेत जाणारी मुले ते प्रथिनांसाठी विकत आणतात. डब्यातील वस्तू आणि खुंटीला टांगलेली वस्तू यांच्या कृतीत फारसा फरक नाही; दही लावायचे आणि त्यातील पाणी गाळून काढायचे, एवढेच दोन्हीकडे घडते. फरक पडतो तो दूध कोणते घेतले यामुळे. डब्यावरचे आकडे वाचून, सायीसकट विरजलेल्या म्हशीच्या दुधाचा चक्काही तितकाच हलका असेल असे समजून रोज वाटीभर खाणारी माणसे माझ्याच नात्यात आहेत. त्यांचा हिशेब कुठे चुकतो, तेही कृतीच्या ओघात सांगणार आहे.

दूध कोणते घ्यावे

आपल्याकडे रतिबाचे सुटे दूध बहुधा म्हशीचे असते. पाठीपर्यंत गेलेल्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस ही तर याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचे नाव लावणारी जात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ ते ८ टक्के आणि प्रथिने ४ टक्क्यांच्या आसपास असतात, तर गाईच्या दुधात हेच प्रमाण साडेतीन ते चार आणि सव्वातीन टक्क्यांच्या जवळपास येते. पिशवीचे दूध घेणाऱ्यांना निवड अधिक सोपी आहे, कारण स्निग्धांश पिशवीवरच छापलेला असतो: फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के आणि डबल टोन्ड दुधात दीड टक्का. प्रथिने मात्र या तिन्हींत जवळपास सारखीच असतात, हे लक्षात ठेवावे. पुढील सगळा हिशेब याच गोष्टीवर उभा आहे.

श्रीखंडासाठी म्हशीचे सकस दूध घ्यावे, त्यात काटकसर करू नये. रोजच्या खाण्यासाठी चक्का करायचा असेल, तर साय काढलेले दूध उत्तम. त्यासाठी दूध तापवून, पूर्ण निवल्यावर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. सकाळी भाकरीसारखी जाड झालेली साय उलथण्याने अख्खी उचलता येते. ती साय तुपाच्या भांड्यात जाते आणि खालचे दूध दह्यासाठी उरते, त्यामुळे यात वाया काहीच जात नाही. डबल टोन्ड दुधाचाही चक्का चांगला होतो, फक्त तो थोडा कोरडा आणि किंचित खरखरीत लागतो. गाळून झाल्यावर रवीने किंवा चमच्याने दोन मिनिटे घोटल्यास तो पुरेसा मऊ येतो.

दूध तापवणे आणि विरजणे

पिशवीचे दूध पाश्चराइज केलेले असले, तरी दह्यासाठी ते पुन्हा तापवावेच लागते, आणि नुसते उतू येईपर्यंत नेऊन गॅस बंद करणेही पुरेसे नाही. दुधाला उकळी आली की आच अगदी मंद करून, तळ ढवळत, ते आणखी ८ ते १० मिनिटे तापत ठेवावे. यामागे जंतू मारण्याखेरीज दुसरेही कारण आहे. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि उरलेली २० टक्के पाण्यात विरघळून राहणारी असतात. दूध ८० अंश सेल्सिअसच्या वर काही मिनिटे राहिले की या विरघळणाऱ्या प्रथिनांची घडी उलगडते आणि ती केसीनला चिकटतात. मग दही घट्ट लागते, आणि गाळताना ही प्रथिने पाण्याबरोबर वाहून न जाता बरीचशी फडक्यातच राहतात. कच्च्या किंवा जेमतेम कोमट केलेल्या दुधाच्या दह्याला पाणी लवकर सुटते, त्याचा चक्काही कमी भरतो.

तापलेले दूध ४२ ते ४३ अंशांपर्यंत निवू द्यावे. दही लावणाऱ्या जिवाणूंना ४० ते ४५ अंशांची ऊब मानवते. याहून बरेच गरम दूध असेल तर ते मरतात, आणि थंड असेल तर दही लागायला उशीर होऊन त्याला तार सुटण्याची शक्यता वाढते. थर्मामीटर नसेल तर धुतलेली करंगळी दुधात बुडवून सावकाश दहापर्यंत मोजावे. ऊब जाणवली, पण बोट काढून घ्यावेसे वाटले नाही, म्हणजे दूध विरजायला तयार आहे.

एक लिटर दुधाला उन्हाळ्यात एक लहान चमचा आणि हिवाळ्यात दोन चमचे विरजण पुरते. विरजण आदल्या दिवसाचे, गोडसर आणि घट्ट दह्यातले घ्यावे, ते वाटीत थोड्या कोमट दुधात मोडून मग सगळ्या दुधात मिसळावे. जास्त विरजण घातल्याने दही लवकर आणि चांगले लागते असा समज आहे, पण प्रत्यक्षात ते आंबट आणि रवाळ होते. सोलापूरचा उन्हाळा या कामात इतका उत्साही असतो की एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेलेला असताना ओट्यावरचे दही चार-पाच तासांत लागते, आणि तेवढ्याच वेळ आणखी बाहेर राहिले तर पार आंबून जाते. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, त्यालाच आठ ते दहा तास लागतात आणि भांडे जाड कापडात गुंडाळून ठेवावे लागते. हे कापड आपल्याकडे शोधावे लागत नाही. जुनी सोलापुरी चादर घडी करून घातली की काम होते.

भांडे स्टीलचे, काचेचे किंवा चिनी मातीचे असावे. मातीचे गाडगे तर या कामाला फारच चांगले, कारण ते स्वतःच थोडे पाणी शोषून घेते आणि अर्धे गाळण भांड्यातच होऊन जाते. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात दही लावू नये, त्याला कळक लागते. दही लागले, भांडे तिरके केल्यावर काठाशी सुटून आले, की ते लगेच तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवावे. गरम दही सरळ फडक्यात ओतले तर त्याची वीण मोडते आणि दुधाळ, पांढरे पाणी गळू लागते. ते पांढरेपण म्हणजे तुमची प्रथिनेच होत. थंड झालेल्या दह्यातून गळणारे पाणी स्वच्छ, हिरवट-पिवळसर झाक असलेले असते. कृती बरोबर चालली आहे की नाही, हे या एका रंगावरून कळते.

उद्यासाठीचे विरजण याच वेळी, गाळण्याआधी, एका वाटीत काढून ठेवावे. चक्का झाल्यावर ही आठवण येते आणि मग शेजारी वाटी घेऊन जावे लागते. आमच्या भिंतीपलीकडे एका बाजूला ‘मोसरु’ म्हणणारे घर आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘पेरुगु’ म्हणणारे, त्यामुळे मला विरजण तीन भाषांत मागता येते. पण प्रत्येक घराच्या दह्याची चव वेगळी असते आणि ती चव विरजणाबरोबर आपल्या घरात येते, हेही खरे.

फडके

चक्क्याच्या कृतींत फडक्याला ‘एक स्वच्छ कापड’ या तीन शब्दांवर वाटेला लावलेले असते. कापडाच्या या गावात तरी तसे करू नये. टर्किश टॉवेल या कामाला अजिबात चालत नाही, कारण त्याच्या उभ्या फाशांमध्ये दही रुतून बसते आणि तंतू चक्क्यात उतरतात. अगदी झिरझिरीत मलमल एकपदरी वापरली तर दहीच खाली जाते. सर्वांत चांगला तो साधा, पांढरा, सुती पंचा, शक्यतो वापरून मऊ झालेला, आणि तो केवळ याच कामासाठी वेगळा ठेवलेला असावा.

पंचा नवा असेल तर एक गोष्ट विसरू नये. मागावर चढवण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ दिलेली असते, त्याशिवाय विणताना धागे तुटतात. ही खळ नव्या कापडात तशीच राहते. एका पाडव्याला ऐन वेळी जुना पंचा सापडेना, म्हणून मी कोरा पंचा नळाखाली नुसता खळबळून घेतला आणि त्यात अडीच लिटर दुधाचे दही बांधले. रात्री वाटले, पाणी फारच हळू गळते आहे. सकाळी गाठ सोडली तेव्हा चक्का ओला आणि चिकट होता, आणि वेलची-जायफळ दुप्पट घालूनही त्यातला पेजेसारखा वास शेवटपर्यंत गेला नाही. खळीने कापडाची छिद्रे बुजलेली असतात, त्यामुळे पाणी गळत नाही, आणि जे गळते ते खळ भिजवीत गळते. म्हणून नवे फडके दोनदा, दर वेळी स्वच्छ पाण्यात, दहा मिनिटे उकळावे, आणि पाणी गढूळ येणे थांबले की वाळवावे. कपडे मऊ आणि सुवासिक करणाऱ्या द्रावणात हे फडके कधीही बुडवू नये, दही कोणताही वास चटकन धरते.

गाळणे

थंड दही फडक्यात ओतण्यापूर्वी फडके पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्यावे. कोरडे कापड सुरुवातीलाच दही शोषून घेते आणि मग ते सोडत नाही. खोल पातेल्यावर पुरणाची चाळण किंवा रोळी ठेवून तीत फडके पसरावे, दही न ढवळता मोठ्या डावाने उचलून त्यात ठेवावे, आणि चारही टोके एकत्र आणून सैल गाठ मारावी. चाळणीचा तळ आणि पातेल्याचा तळ यांत चार-पाच बोटांचे अंतर हवे, नाहीतर गळलेले पाणी वर चढून पुरचुंडीला पुन्हा भिजवते.

जुन्या रीतीप्रमाणे पुरचुंडी खुंटीला किंवा नळाच्या तोटीला टांगतात, आणि हिवाळ्यात तसे करायला हरकत नाही. फाल्गुन-चैत्रापासून पुढे मात्र आपल्याकडे रात्रभर बाहेर टांगलेले दही सकाळपर्यंत आंबून जाते, आणि मग ती आंबट चव मारण्यासाठी साखर वाढवावी लागते. त्यापेक्षा चाळणीसकट पातेले, वर झाकण घालून, फ्रीजमध्ये ठेवावे. गळायला थोडा अधिक वेळ लागतो, पण चव गोडच राहते. फ्रीजमध्ये कापलेला कांदा उघडा नाही ना, हे आधी पाहावे.

पहिले दोन तास पुरचुंडी आपल्या वजनाने गळू द्यावी. हाताने पिळण्याचा मोह आवरावा, पिळल्यास पाण्याआधी दहीच कापडातून बाहेर येते. दोन तासांनंतर वर ताटली ठेवून तीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला की काम वेगाने होते. पूर्वी यासाठी वरवंटा ठेवीत. पुरचुंडी कोरड्या कापडांच्या आणि वर्तमानपत्रांच्या थरावर ठेवण्याची एक पद्धत काही घरांत आहे, तीतील वर्तमानपत्र मात्र सोडून द्यावे, छपाईची शाई खाण्याच्या वस्तूपासून लांबच बरी.

किती वेळ गाळायचे हे कशासाठी हवे आहे त्यावर ठरते. दोन-तीन तासांत कोशिंबिरीला पाणी सुटणार नाही असे दाट दही मिळते. फ्रीजमध्ये सहा ते आठ तासांनी चमच्यावर उभे राहणारे दही होते आणि डब्यात ‘ग्रीक’ म्हणून मिळते ते साधारण हेच. बारा तासांच्या पुढे श्रीखंडाचा चक्का तयार होतो, जो फडक्यापासून अख्खा सुटून येतो आणि ज्यावर कापडाची वीण उमटलेली दिसते. अर्धा किलो दह्याला अर्धा चमचा मीठ लावून पूर्ण दिवस गाळले, तर पश्चिम आशियात ‘लबने’ म्हणतात तसा खारट, वळून गोळ्या करता येतील इतका घट्ट प्रकार मिळतो. आणि चुकून जास्त गळलेच, तर घाबरण्याचे कारण नाही. पातेल्यातले पाणी दोन-दोन चमचे घालून घोटले की हवा तेवढा सैलपणा परत आणता येतो.

म्हशीच्या एक लिटर दुधापासून माझ्याकडे साधारण ४०० ग्रॅम चक्का येतो, गाईच्या किंवा टोन्ड दुधाचा ३०० ते ३५० ग्रॅम. याहून फार कमी येत असेल तर दूध पातळ आहे, नीट तापवलेले नाही, किंवा दही गरम असतानाच गाळले गेले आहे, असे समजावे.

हिशेब

गाळल्याने दह्यात नवी प्रथिने निर्माण होत नाहीत. एक लिटर दुधात जी होती तीच, थोडी वजा होऊन, आता कमी वजनात दाटून बसतात. पण गाळताना स्निग्धांशही तसाच दाटतो, आणि तो तर जवळजवळ सगळाच फडक्यात राहतो.

आकडे घेऊन पाहू. म्हशीच्या एक लिटर दुधात ३८ ग्रॅम प्रथिने आणि ६५ ग्रॅम स्निग्धांश धरला, आणि पाण्यातून तीन-एक ग्रॅम प्रथिने गेली असे मानले, तर ४०० ग्रॅम चक्क्यात ३५ ग्रॅम प्रथिने आणि जवळपास सगळा ६५ ग्रॅम स्निग्धांश उरतो. म्हणजे दर १०० ग्रॅममागे प्रथिने पावणेनऊ ग्रॅम आणि स्निग्धांश १६ ग्रॅम. थोडी दुग्धशर्करा धरून त्याचे उष्मांक २०० च्या घरात जातात. याच पद्धतीने डबल टोन्ड दुधाच्या ३५० ग्रॅम चक्क्याचा हिशेब केला, तर १०० ग्रॅममागे प्रथिने साडेआठ ग्रॅमच्या आसपास, स्निग्धांश सव्वाचार ग्रॅम आणि उष्मांक ९० च्या जवळ येतात. साय पूर्ण काढलेल्या दुधाच्या ग्रीक योगर्टमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि ६० उष्मांक असतात, आणि लोकांच्या मनात बसलेला आकडा हा शेवटचा आहे. प्रथिनांत तिन्ही चक्के मागेपुढेच आहेत, उष्मांकांत मात्र पहिला आणि तिसरा यांत तिपटीहून अधिक अंतर आहे. हे आकडे ढोबळ आहेत आणि तुमचे दूध व तुमचे फडके यांनुसार बदलतील, पण हे अंतर मिटणार नाही.

तुलनेसाठी साधे, न गाळलेले दही घेतले, तर १०० ग्रॅममागे प्रथिने साडेतीन ते चार ग्रॅम मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. शंभर ग्रॅम चक्का त्यातला पाचव्या हिश्श्याच्या जवळपास भार उचलतो. हे कमी नाही, आणि वाटीभर आमटीच्या जोडीला ते सहज पचनीही पडते.

आपल्या जेवणात या प्रथिनांचे आणखी एक काम आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी कितीही सरस असली, तरी ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी पडते. दुधाच्या प्रथिनांत ते भरपूर असते, त्यामुळे भाकरी आणि दही एका ताटात आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. कडक भाकरीचा तुकडा, त्यावर बोटभर चक्का आणि वर उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी, असा घास ज्यांनी घेतला नसेल त्यांनी तो जरूर घ्यावा. चटणीचा तिखटपणा चक्का मवाळ करतो आणि दोहोंत मिळून तेलाची किंवा मिठाची वेगळी गरज राहत नाही.

दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, काही प्रमाणात जिवाणू खातात आणि बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते. ज्यांना दूध प्यायल्यावर पोट फुगण्याचा त्रास होतो, त्यांना चक्का बहुधा सोसतो तो यामुळे. मधुमेह असलेल्यांनाही बिनसाखरेचा चक्का उपयोगाचा आहे. श्रीखंडाची गोष्ट निराळी, कारण चक्क्याइतकीच साखर घातली तर वाटीतला अर्धा भाग साखरच असतो. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना प्रथिने मोजून घ्यायला सांगितली आहेत, त्यांनी चक्का डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा.

पातेल्यातले पाणी

चक्का कॅल्शियमनेही दुप्पट समृद्ध असतो असे समजणारे फार आहेत आणि तेथे ते फसतात. दुधात बरेचसे कॅल्शियम केसीनच्या कणांत बांधलेले असते, पण दही आंबट होत जाते तसे ते सुटून पाण्यात विरघळते. परिणामी गाळताना एकूण कॅल्शियमपैकी निम्म्याच्या आसपास, बहुधा त्याहून थोडे जास्तच, पातेल्यात उतरते. वजनाला वजन पाहिले तर घट्ट चक्क्यात साध्या दह्यापेक्षा कॅल्शियम जास्त नसते, कधीकधी कमीच भरते. प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे, आणि पातेल्यातल्या या पाण्याच्या, म्हणजे निवळीच्या, १०० मिलिलिटरमध्ये ते १०० मिलिग्रॅमच्या थोडे वरच असते. पेलाभर निवळी म्हणजे दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा झाला. तिची हिरवट-पिवळी झाक रायबोफ्लेविनची, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाची आहे, आणि ते प्रकाशात नाश पावत असल्याने निवळी झाकून, अंधारात ठेवलेली बरी.

मोरीत ओतून देण्याची ही वस्तू नव्हे. काळे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चुरडलेली कोथिंबीर घालून, गार करून प्यायल्यास उन्हातून आलेल्या माणसाला ती ताकापेक्षाही हलकी वाटते. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील करताना ताकाऐवजी निम्मी निवळी घालावी. कढीला बेसन लावून ती उकळली तरी चालते. त्यात जिवाणू मरतात, पण कॅल्शियम कुठे जात नाही. थालीपिठाचे पीठ निवळीत भिजवले तर थालीपिठे खमंग आणि मऊ होतात. डाळ शिजवायला मात्र ती घेऊ नये, आंबट पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही. आमटीत घालायचीच असेल तर डाळ पूर्ण शिजून घोटल्यावर घालावी. अॅल्युमिनियमच्या भांड्यात निवळी ठेवू नये. फ्रीजमध्ये काचेच्या बाटलीत ती तीन-चार दिवस चांगली राहते.

ठेवणे आणि फडके धुणे

तयार चक्का कोरड्या, झाकणाच्या काचेच्या डब्यात भरून फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवावा, दारात नको. कोरडा चमचाच वापरला तर चार-पाच दिवस त्याला काही होत नाही, फक्त आंबटपणा रोज थोडा वाढतो. वर साचलेले थोडेसे पिवळसर पाणी हा दोष नाही, ते घोटून टाकावे. गुलाबी किंवा नारिंगी डाग, बुरशीची लव किंवा उग्र, कडसर वास आला, तर वरचा थर काढून खालचे वाचवण्याच्या फंदात न पडता सगळेच टाकून द्यावे. बर्फाच्या कप्प्यात चक्का ठेवल्यास तो बिघडत नाही, पण वितळल्यावर रवाळ होऊन पाणी सोडतो, त्यामुळे त्याचा उपयोग कढीपुरता उरतो.

फडके लगेच धुवावे, आणि पहिले पाणी थंडच घ्यावे. गरम पाण्यात दह्याची प्रथिने धाग्यांतच थिजतात आणि मग त्या फडक्याला आंबट वास कायमचा लागतो. थंड पाण्यात चोळून पांढरेपण गेले की ते पाच मिनिटे उकळावे, साबण लावायचा असल्यास बिनवासाचा लावून भरपूर पाण्यात खळबळावे, आणि कडक उन्हात टाकावे. उन्हाची आपल्याकडे वाण नाही; एप्रिलमध्ये गच्चीवर टाकलेले फडके अर्ध्या तासात खडखडीत वाळते. त्याची घडी करून ती झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि डब्यावर तसे लिहून ठेवावे, म्हणजे घरातले कोणी त्याने ओटा पुसणार नाही.